नाल्यापलीकडचा पाट

यमू सापडली ती नाल्यापलीकडे, एका परक्या माणसाच्या खांद्यावर बसून हुरडा खाताना.

"माही लेक हाय ते," रुख्मिणी धापा टाकत म्हणाली.

"असन ना," तो हसला. "पन तिनं मले घोडा करून टाकलं. आता उतरवाचं का नाई, थे तिलेच इचारा!"

रुख्मिणीला हसू आलं... आणि ती एकदम दचकली. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती कुणापुढे हसली नव्हती.

१९०४ सालचा जानेवारी. अकोल्यात गाठीच्या तापानं, म्हणजे प्लेगनं, माणसं पटापट जात होती, म्हणून जुनं शहर रिकामं करवलं होतं. नाल्याच्या अलीकडे खुशालराव देशमुखांचा मळा. तिथं त्यांच्या घरच्यांच्या राहुट्या होत्या – आत पलंग, तांब्याची भांडी, हाताखाली आचारी, आणि दोन दिवसांआड घोड्यावरून येणारे डॉक्टर. रुख्मिणी त्यांच्या थोरल्या मुलाची विधवा, बावीस वर्षांची. पलीकडे तुराट्यांच्या झोपड्या, कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, राबणाऱ्यांच्या. जिन बंद पडला होता. चूल दिवसातून एकदाच पेटायची. हुरडा खाऊ घालणारा नत्थुजी तिथलाच. म्हातारी आई आणि विधवा भावजय, एवढंच त्याचं घर.

शहरातल्या घरी चौकाबाहेर रुख्मिणीचं पाऊल पडत नसे. मळ्यात भिंतीच नव्हत्या. यमू रोज नाल्याकडे पळायची. रुख्मिणी तिच्या मागे जायची... जरा सावकाशच.

एकदा तिनं पाहिलं, झोपडीपुढे त्याची भावजय गोदाबाई हिरव्या बांगड्या भरून घेत होती.

"तिचा नवरा तर वारला ना?" तिनं नत्थुजीला विचारलं.

"मागच्या साली. उद्या पाट हाय तिचा, जिनातल्या एका गड्यासंग दुसरं लगन." नत्थुजीची नजर रुख्मिणीच्या रिकाम्या मनगटांवर गेली आणि लगेच खाली वळली. "तुमच्यात नाई लावत?"

"पयले लावत. घर मोठं झालं, मंग बंद केलं."

"मंग तुमच्यात बाईले काय भेटते?"

"दोन टाइम जेवन," ती म्हणाली.



झोपड्यांत पहिलं माणूस दगावलं आणि देशमुखांनी मळ्यातल्या विहिरीवर गडी बसवला. पलीकडच्यांना पाणी बंद! मोर्णा नदी दूर होती. तापानं फणफणलेली माणसं पाणी-पाणी करत पडायची. मग रुख्मिणीच रोज सकाळी घागर भरून नाल्याच्या काठावर ठेवू लागली. घरच्या सुनेला गडी काय अडवणार? रिकामी घागर परत यायची, आणि तिच्यात कधी चार बोरं असायची.

"बोरं लय आंबट होते," ती एकदा म्हणाली.

"मंग वापस काहून नाई केले?"

"...खाल्ले मी."

त्या दिवशी तो हसला, तो शेवटचा. त्याच आठवड्यात त्याची आई गेली. झोपड्यांत खांदा द्यायला चौथा धड माणूस मिळेना. तिघांनीच तिला नेलं. 

संध्याकाळी तो नाल्यावर उभा होता, डोकं भादरलेला. "माय म्हने, त्या पोरीच्या हातचं पानी गोड हाय," तो म्हणाला आणि थांबला. "रुख्मिणी... मायाजवळ काईच नाई. पन माया संग पाट लाव. यमूलेबी आन. तिच्यासकट ये."

नाल्यातल्या वाळूवर धूर उतरला होता. "घरी सांगतो," ती एवढंच बोलली.

आणि तिनं खरंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. "मामंजी, मले नत्थुजीच्या घरी जायाचं हाय."

खुशालराव ओरडले नाहीत. "जाय," ते म्हणाले. "कोनी अडवत नाई. पोट्टी मात्र आमची. देशमुखाची नात तुराट्याच्या खोपटात नाई वाढनार."

"मी माय हाओ तिची."

"या घरात हायेस तोवर. पाय बायेर पडला, का तिचं तोंड पाहू देनार नाई."

राहुटीबाहेर यमू वाटीतलं दूध पीत होती. त्या पंधरवड्यात झोपड्यांतली पाच लेकरं गेली होती. राहुट्यांतलं एकही नाही. सासऱ्यांनी ते बोलून दाखवलं नाही. रुख्मिणीला ते ठाऊकच होतं.

दुपारीच राहुट्या उतरल्या. देशमुखांनी पातूरच्या घरी बिऱ्हाड हलवलं. गाड्या झोपड्यांजवळून जाऊ लागल्या, तेव्हा नत्थुजी वाटेच्या कडेला उभा होता. रुख्मिणीनं सगळ्यांदेखत गाडी थांबवली आणि ती खाली उतरली.

"मी येत नाई," ती म्हणाली.

"समजलं मले." त्यानं गाडीतल्या यमूकडे पाहिलं. "बरोबर करून राहिली तू."

"पन मी 'हव, जातो' म्हनलं होतं. सासऱ्यापुढं, तोंडानं. एवढं तुमाले ठाऊक असावं म्हनून उतरलो."

त्यानं हात जोडले आणि तसाच उभा राहिला.

ती गाडीत बसली. बैल चालू लागले. सासू मागून "पदर घे, पदर घे" म्हणत होती. पण पातूरची वाट लागेपर्यंत रुख्मिणीनं पदर पुढे ओढला नाही. ती रडत होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं. तिनं ते दिसू दिलं.