प्रोग्राम वय विचारतो

आता त्या कॉम्प्युटरचं नावही कोणाला आठवत नाही. एकोणनव्वद सालची गोष्ट. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा वास असा भरलेला असे, की घरी गेल्यावरही पदराला यायचा. भैय्याजींच्या अडतीच्या दुकानात चारुशीला संत्र्यांच्या गाड्यांची नोंद कॉम्प्युटरवर करायची. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची.

एका सकाळी दारात एक उंच तरुण येऊन उभा राहिला. हातात फ्लॉपीची डबी, केसांत बाजाराची धूळ.

"बर्डीच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून आलो. मधुसूदन. नवा प्रोग्राम टाकायचा आहे ना?"

"टाकून पाहा. तुमच्याआधी दोघं पाहून गेले."

"कोणाले?"

तिनं मान वर केली. तो गंभीर चेहऱ्यानं फ्लॉपी पुसत होता.

"कॉम्प्युटरले," ती म्हणाली, आणि ओठ दाबले.

गादीवरून भैय्याजी बोलले, "आज नाही चाललं तर हा डबा भंगारात. मंग तू पारशिवनीले घरी जा वं. ऑपरेटर कायले पाहिजे मले?"

घर म्हणजे पाहायला येणारे पाहुणे. ते चहा पीत, तिचं वय ऐकत आणि उठत.

फ्लॉपी खरखरली. एक ओळ उमटली आणि सगळं थांबलं.

"काय म्हणून राहिला तो?" चारुशीलेनं विचारलं.

"याची सिस्टीम जुनी आहे. बनवणाऱ्यानंच सोडून देली. प्रोग्राम आत यायच्या आधी तिचं वय विचारते... जुनी निघाली की परत."

"काम न पाहताच?"

"काम कोण पाहते, बाई."

"माह्या घरीही असेच येतात," तिच्या तोंडून निघून गेलं. "अठ्ठावीस ऐकलं की चालले."

त्याचे हात थांबले. मग खुर्ची पुढे ओढून तो बराच वेळ बटणं दाबत राहिला. तिनं संत्रं सोललं, एक फोड त्याच्यापुढे धरली. त्यानं पडद्यावरून नजर न काढता घेतली. दुसरी घेताना मात्र नजर काढली.

"काय करून राहिले?"

"तो सवाल शोधून राहिलो. वयाचा. सापडला की काढूनच टाकतो."

दुपार कलली. फ्लॉपी पुन्हा फिरली, थांबली... परत फिरली. आणि नवा पडदा उघडला. चारुशीलेनं एक गाडी नोंदवली. कॉम्प्युटरनं मुकाट घेतली.

"चाललं का गा?"

"चाललं, भैय्याजी."

"मंग राहू दे." डबा की पोरगी, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मधुसूदननं डबी बंद केली. उगाच उघडली, पुन्हा बंद केली.

"पारशिवनीची पहिली बस किती वाजता निघते?"

"काहून? कोणाकडे जायचं आहे?"

"तुमच्या बाबाकडे."

बाहेर हमाल ओरडत होते. तिनं पडद्यावर भलतीच अक्षरं उमटवली, पुसली.

"रविवारी जा," ती हळूच म्हणाली. "मी पण घरीच राहीन."