टपावरच्या दोन सायकली

नांद्र्याच्या अलीकडे, उसाच्या गाड्यांनी उखणलेल्या रस्त्यात एक तरुण उभा होता. एका हातात सायकल, दुसरा हात वर... आणि ऐट अशी, की रस्ता जणू त्याच्याच सातबाऱ्यावरचा!

बाळासो चौगुल्यांनी ब्रेक दाबला. जुनी फोर्ड खोकली, थरथरली आणि चार हात पुढे जाऊन थांबली.

"काय झालं रं?"

"पंचर, आण्णा. नदीपल्याड पाण्याचं इंजान बसवायचं हाय. भिलवडीच्या घाटापत्तूर न्याल काय?"

मागच्या सीटवर त्यांची लेक त्रिशला पदर सावरून बसली होती. सत्तेचाळीस सालचा जानेवारी. थंडी काचेतूनही बोचत होती. नदीपलीकडच्या गावात मुलींच्या शाळेवर ती आज मास्तरीण म्हणून रुजू व्हायची होती. गाडी काही नावेत चढत नाही, आणि पैलतीरावरून शाळा तीन मैल. म्हणून तिची नवी सायकल टपावर दोराने आवळून बांधली होती. आण्णा हळदीचे व्यापारी. या दिवसांत दर सोमवारी ते माल बघायला नदीकाठी यायचे. रेशनच्या पेट्रोलवर आठवड्यातून एकच फेरी जमायची. त्या फेरीत लेकीला घाटावर सोडायचं, आठवडाभर तिनं गावात राहायचं आणि शनिवारी आगगाडीनं सांगलीला परतायचं, असं ठरलं होतं.

"टाक टपावर," आण्णा म्हणाले. "एक हायच, दुसरी बसंल."

घाटावर पोचल्यावर कळलं, की दोन्ही सायकली एकमेकींत पार अडकल्यात. गाडीच्या या बाजूला ती, त्या बाजूला तो.

"बाई, तुमचं पायडल माझ्या चाकात शिरलंय."

"तुमचं चाक माझ्या पायडलवर आलंय. माझी सायकल आधी होती."

तो हसला. "व्हय. चूक चाकाचीच."

त्याची बोटं ऑइलनं काळी होती, पण त्यानं पायडल इतकं हलकेच मागं फिरवलं, की नव्या रंगावर चरासुद्धा उमटला नाही. त्रिशलेनं ते पाहिलं — आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

नाव पाण्यात शिरली. हरिबा नावाडी वल्ही मारत होता. नाव जराशी डुलली आणि तिनं हँडल घट्ट धरलं.

"सोडा की," तो म्हणाला. "पडली तर मी काढीन."

"आणि मी पडले तर?"

बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच शब्द ऐकू आला. तो पाण्याकडे बघत राहिला.

"तवा मग... सायकल ऱ्हाऊ दे पाण्यात."

त्याचं नाव भूपाल मगदूम, फौजेतून परतलेला. नांद्र्याचा. पुढच्या सोमवारी तो पुन्हा तिथंच उभा — चेन निसटलेली. त्याच्या पुढच्या सोमवारी ब्रेक. मग हँडल. आण्णा काही न बोलता गाडी थांबवायचे, सायकल टपावर चढायची, आणि नावेतली पंधरा मिनिटं त्रिशलेला दर खेपेला थोडी कमी वाटायची. नदीकाठी हळद शिजत असे. तिचा उग्र, ऊबदार वास धुक्यातून नावेपर्यंत यायचा. दवानं भिजलेली तिची सीट भूपाल रुमालानं पुसून ठेवायचा आणि तोंडानं अवाक्षर काढायचा नाही.

शेवटी एकदा तिनंच विचारलं, "लढाईत तुम्ही काय करत होता?"

"फौजंच्या वर्कशॉपात हुतो. इटलीत. ट्रक दुरुस्त करायचो."

"दुरुस्त व्हायचे?"

"म्हंजे! बाँबनं फुटल्यालं ट्रक उभं केल्यात आमी."

"मग ही एक सायकल का होत नाही?"

भूपालचे कान लाल झाले. "ट्रक सरकारी हुतं, बाई. सांगंल तसं ऐकायचं. ही... घरची हाय."

हरिबानं मान फिरवून पाण्यात थुंकल्यासारखं केलं; खरं तर तो हसत होता.

फाल्गुन उजाडला, आणि एका सोमवारी रस्ता मोकळाच होता.

आण्णांनी उगाच गाडी हळू केली. दोनदा हॉर्न वाजवला. "आज दिसत न्हाई की तुझा तो सायकलवाला."

"माझा कशाला?" त्रिशला खिडकीबाहेर बघत म्हणाली.

हरिबानं नावेत सांगितलं, "भूपाल व्हय? साताऱ्याला गेला. मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणं."

पाणी संथ होतं, तरी तिनं हँडल धरून ठेवलं. त्या आठवड्यात तिनं फळ्यावर 'सात सक चव्वेचाळीस' लिहिलं आणि सोळा मुली खुदकन हसल्या. तिला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. इतके सोमवार... आणि जाताना एक शब्द सांगता आला नाही?

पुढच्या सोमवारी तो रस्त्यात उभा होता. पांढरं स्वच्छ धोतर, टोपी, आणि सायकल अशी पुसलेली, की उन्हात डोळे दिपावेत.

"आज काय मोडलं?" आण्णांनी विचारलं.

"आज काय न्हाई, आण्णा." भूपालनं टोपी सारखी केली. "सायकल धडच हुती. पंचर तेवढं एकदा खरं. मला साताऱ्याला नोकरी लागलीया. जायच्या आधी... तुमच्या लेकीला मागणी घालायला आलोय. घरची माणसं रीतीनं येतीलच, पर आधी मी."

आण्णांनी इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली, की त्रिशलेला आपल्या बांगड्या वाजल्याचं ऐकू आलं.

"नांद्र्याच्या मगदुमांची चौकशी मी कवाच केलीया," आण्णा सावकाश म्हणाले. "हळद पारखतो मी. माणूस पारखायला येत न्हाई व्हय मला? पर मला काय इचारतोस? तिला इचार. नदी वलांडूस्तोवर टाइम हाय. मी घाटावर थांबतो. शनवारपत्तूर मला टांगून ठेवू नगा, एवढंच."

नाव निम्म्यावर आली.

"गेल्या सोमवारी कुठं होता?" तिनं विचारलं. आवाजातला राग लपला नाही.

"साताऱ्यातच. तीन दिवस हिंडत हुतो. मुलींच्या शाळा बघितल्या. दोन हेडमास्तरांना भेटलो. जूनपास्नं एका जागी मास्तरीण पायजे म्हणत्यात."

तिनं हँडलवरचा हात काढला.

"माझ्या सोळा मुली आहेत," ती म्हणाली. "त्यांची परीक्षा होईपर्यंत मी हलणार नाही."

"मी कुठं हला म्हणतोय? तवर मी थांबतो."

"आणि साताऱ्यातही मी शिकवणार. लग्न झालं म्हणून घरी बसणार नाही."

"शाळा मग कुणासाठी हुडकली, बाई?" भूपाल अगदी हळू म्हणाला. "मला काय पैलीत बसायचं हाय?"

त्रिशलेला हसू आवरेना. मागं वळून तिनं पाहिलं. दूर घाटावर, गाडीच्या पायरीवर आण्णा उभे होते, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून. नावेत भाजीवाल्या बाया होत्या, दोन शेळ्या होत्या, हरिबा होता. त्रिशला उठून उभी राहिली. नाव डुलली, भूपालनं पटकन तिचा हात धरला, आणि तिनं तो सोडवला नाही.

"आण्णा!" तिनं ओरडून सांगितलं. शहरातली शिकलेली भाषा त्या क्षणी कुठल्या कुठं पळाली. "मला पसंत हाय!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हरिबाचं वल्हं हवेतच राहिलं. पाण्यावरून आण्णांचा आवाज यायला जरा वेळ लागला —

"मला बी!"