मुठीची पाठ

"मॅडम, मला तुमची पाठ पाहिजे."

वागळे इस्टेटमधल्या त्या ड्रॉइंग ऑफिसात एकदम शांतता पसरली. प्रमोदिनीने संगणकावरून मान वळवली. दारात एक सावळा, उंच मुलगा फ्लॉपी घेऊन उभा होता, आणि आपण काय बोलून बसलो ते कळल्यामुळे त्याला घाम फुटला होता.

"म्हणजे... इस्त्रीच्या मुठीची. सरफेस..."

"मग तसं म्हणा ना," ती म्हणाली आणि हसू लपवायला पुन्हा पडद्याकडे वळली.

हा नाथा नाखवा, चेंदणी कोळीवाड्यातला, टूलरूममध्ये नवाच लागलेला. साल सत्त्याण्णव. इस्त्रीची मूठ प्रमोदिनीने संगणकात घडवली होती. ती उताणी ठेवून स्क्रू पिळताना हलू नये, म्हणून तिला धरणारी बैठक नाथाला करायची होती. त्यासाठी मुठीचा बाक नव्याने काढत बसायची गरज नव्हती. तिच्या मॉडेलमधली पाठ उचलायची, आपल्या ठोकळ्यात ठेवायची आणि त्याच बाकाने ठोकळा कोरायचा. काम तसं एका फेरीचं.

पण फेऱ्या काही संपेनात. कधी फाइल उघडायची नाही, कधी "बाक बदललात का जरा?" अशी चौकशी. बाक तसाच होता, बदलत होतं ते भलतंच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा तर फ्लॉपीऐवजी कोळंबीच्या लोणच्याची बाटली आली.

"फाइल यात आहे?" तिने बाटली हलवून विचारलं.

"यात आमची आय आहे. विचारत होती, मुलगी कशी आहे."

"मग... काय सांगितलंस?"

"म्हटलं, तिखट आहे. लोणचंही तसंच पाठव."

प्रमोदिनी त्या दिवशी कोपरच्या घरी पोचेपर्यंत एकटीच हसत होती.

आणि मग एका संध्याकाळी, गेटबाहेरच्या टपरीवर, नाथाने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून एका दमात सांगून टाकलं, "आय म्हणते, तू आमच्या घरात एकदम फिट बसशील. करशील लग्न माझ्याशी?"

तिचं मन आधी आनंदाने भरून आलं, आणि लगेच त्या 'फिट' शब्दाशी थबकलं. थोरल्या बहिणीबद्दल, चित्राताईबद्दल, सगळे हेच म्हणायचे — किती छान बसली हो सासरी! हीच ताई पूर्वी हसली की शेजारच्या बिल्डिंगीत कळायचं. आता दिव्याच्या सासरहून दोन दिवस माहेरी यायचं तर चौघांची परवानगी काढते, आणि काय खाणार विचारलं की नवऱ्याच्या तोंडाकडे बघते.

"नको रे, नाथा," ती म्हणाली. "मला नाही जमणार."

त्याने कारण विचारलं नाही. चहा तसाच ठेवून तो निघून गेला, आणि नंतर कितीतरी दिवस कुठलीही फाइल अडली नाही.

मग एका दुपारी तो आला. हातात पांढरा नायलॉनचा ठोकळा, आणि ठोकळ्यात तिची मूठ.

"अडकली," खाली बघत तो म्हणाला. "निघत नाय."

"जागा नाही सोडलीस?"

"विसरलेलो. तुझी पाठ जशीच्या तशी घेतली नि कापलं. डोकं कुठं ठिकाणावर होतं..."

कोरताना कागदाच्या जाडीएवढी तरी जागा सोडावी लागते, हे टूलरूममधला माणूस झोपेतही सांगेल. तिने ठोकळा धरला, त्याने मूठ ओढली. मग तिने मूठ ओढली, त्याने ठोकळा धरला. मूठ जागची हलेना.

"बघ, किती छान बसलीय," ती हसत म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले.

मग तिने त्याला सगळं सांगितलं, ताईचं. "तू वाईट नाहीस. भावोजीही वाईट नाहीत रे. म्हणून तर भीती वाटते."

नाथाने शपथा घेतल्या नाहीत, वचनं दिली नाहीत. ठोकळा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तुला काय काय लागेल, बोल."

"नोकरी सोडणार नाही."

"बरं."

"कोपरला आईकडे जायचं तर विचारणार नाही. सांगून जाईन."

इथे तो थांबला. "आयला हे जड जाईल. मी बोलीन तिच्याशी, पण... भांडण होईल थोडं."

पटकन 'हो' म्हणाला असता, तर तिचा विश्वास बसला नसता. आता बसला.

"आणि मासे खाईन, साफ करणार नाही."

"ते मीच करतो. तुला जमायचंपण नाय."

ती हसली. मग हसणं थांबवून, ऑफिसात कोण ऐकतंय याची पर्वा न करता म्हणाली, "आवडतोस तू मला, नाथा. खूप."

त्याने टेबलावरचा ठोकळा पुन्हा उचलला. "मग... आयला काय सांगू?"

"सांग, मुलगी फिट बसणार नाही," प्रमोदिनी म्हणाली. "पण येणार आहे."