अकरा खोटे पाऊस

प्रेम हे वादळासारखं असतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. ही मंडळी मुखेडला राहिलेली नसावीत. बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ मुखेडपर्यंत पोचेस्तोवर त्याचा वारा संपलेला असतो, नाव पुसलेलं असतं. उरतो नुसता पाऊस... तोही आला तर.

या उरलेल्या पावसावरच अपूर्वाचं सगळं करिअर उभं होतं. मुलगी नांदेडची. तिथल्याच विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाली आणि आता विशाखापट्टणमला वादळांवर संशोधन करायची. थकलेलं वादळ आत येऊन किती पाऊस टाकतं, पूर कुठं आणतं, हे तिला शोधायचं होतं. म्हणून एका दुपारी ती मुखेडच्या स्टँडवर उतरली, तेव्हा काखेत एक लांबुडकं यंत्र होतं.

“गिरणीचा भोंगा हाय का?” शेजारी उभ्या तरुणानं विचारलं.

“पाऊस मोजायचं यंत्र आहे.”

“मुखेडात? मग मोजायला पाऊस सोबत आणलाय का?”

ती हसली – आणि तिथंच फसली.

तो रामलिंग. शाळेत भूगोल शिकवायचा. शाळेच्या मैदानावर लिंबाची सावली, म्हणून यंत्र त्याच्याच अंगणात बसलं, मधोमध, उघड्या आभाळाखाली. नेमकी ती त्याच्या आईची, तुळजाबाईंची, पापड वाळवायची जागा. त्या यंत्राकडे नुसत्या सवतीसारख्या बघत राहिल्या.

नियम साधा होता. रोज सकाळी साडेआठला आकडा कळवायचा. पाऊस नसला तरी शून्य. पाऊस पडला की अपूर्वा खात्री करायला फोन करायची. शून्याला फोन नसायचा. आणि आपल्याकडं पाण्याची टंचाई असेल, शून्यांची नाही.

आश्विनात एक वादळ विझत विझत आलं. चार दिवस पाऊस, चार दिवस फोन. रामलिंग फोन अंगणात धरायचा आणि समुद्रकाठी बसलेली ती मुखेडचा पाऊस ऐकत राहायची... मग आभाळ उघडलं. फोन आटले. साडेआठला तो कोरड्या यंत्रात डोकावायचा, मग फोनमध्ये. दोन्हीकडं सारखंच.

पौषात एका सकाळी आकडा गेला – शून्य पूर्णांक चार मिलिमीटर. लगेच फोन.

“आभाळ होतं?”

“होतं की... जरासं.”

“वारा कुठून?”

“तुमच्याकडून.”

पलीकडं तिनं फोन खिडकीबाहेर धरला. समुद्र ऐकू आला.

माघ संपेपर्यंत असे अकरा पाऊस झाले. मग अचानक पुन्हा शून्यं. सलग पन्नास दिवस.

एक्कावन्नाव्या सकाळी, साडेआठला, अपूर्वा अंगणात उभी.

“सर, यंत्र न्यायला आलेय.”

रामलिंगचा चेहरा उतरला. यंत्र गेलं म्हणजे सकाळच गेली. तो आत जाऊन वही घेऊन आला. अकरा तारखा, लाल शाईत.

“हे पाऊस खोटे हायत. रांजणातलं पाणी, दोन-दोन चमचे. शून्यावर तुम्ही फोन करत नव्हता... मग एक दिवस ध्यानात आलं, ह्याच आकड्यांवर तुम्ही पुराचा अंदाज बांधणार. कुणाचं तरी घर असंल त्यात. म्हणून थांबलो. न्या यंत्र.”

अपूर्वानं आपली वही उघडून त्याच्यापुढं धरली. त्याच अकरा तारखा. पुढं आकड्याची जागा कोरी.

“पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. उपग्रहाच्या चित्रात पार लातूरपर्यंत ढगाचा ठिपका नव्हता.”

“मग... फोन कशाला केला?”

“वारा कुठून येतोय, विचारायला.” ती खाली बघत म्हणाली. “अन् नंतर बाराव्या पावसाची वाट बघून राहिले होते. पन्नास दिवस, सर!”

चैत्राचं ऊन चढत होतं. रामलिंगच्या कानांच्या पाळ्या त्याहून जास्त तापल्या होत्या.

“आता खरं तेवढंच सांगीन,” तो म्हणाला. “मॅडम... तुमच्याबिगर करमत न्हाई.”

“हे लिहून घेऊ?”

“घ्या. फक्त लाल शाईत नको.”

ती हसली, स्टँडवर हसली होती तशीच. वही मिटली. यंत्र न्यायचं दोघंही विसरले. दोघांमध्ये एक हात अंतर होतं... मग अर्धा...

तेवढ्यात दारातून तुळजाबाई आल्या, कोपरापर्यंत पीठ.

“लग्नाचं काय ते तुम्ही दोघं ठरवा, माय,” त्या अपूर्वाला म्हणाल्या. “तेवढं तुझं डबडं चार हात सरकव. उडदाचं पीठ भिजवून ठेवलंय.”