उजव्या व्हॉल्व्हचा रंग

आगीच्या जुन्या बंबाला पाणी सोडायचे दोन व्हॉल्व्ह होते. डाव्याच्या चाकाचा लाल रंग हाताळून पार झिजला होता. उजव्याचा मात्र शाबूत होता, फक्त किंचित गडद.

वापर नसेल म्हणून टिकला असेल, असं तामाकीला वाटायचं.

हे खरंच घडलं. तामाकीने मला सांगितलं, आणि पदरचं काही घालायची तिला सवय नाही. रात्र नव्हती. फेब्रुवारीतली स्वच्छ दुपार होती. जपानमधल्या शिमानेच्या डोंगरात, तोगावा गावात, नदीकाठी.

तामाकी गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलात होती. दलाकडे नवी गाडी आली होती. जुनी भंगारात जाणार होती. तिथल्या रीतीप्रमाणे जुन्या गाडीने शेवटचं पाणी मारायचं, मग तिला पुसून चाकांवर साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतायची.

"तीस वर्षं राबली म्हातारी," गेन्साकू आजोबा बंबावर थाप मारत म्हणाले. "माझी बायकोसुद्धा एवढी टिकली नाही!"

"टिकेल कशी? तुमचे विनोद ऐकून पळाली ती," दलप्रमुख कुरामोची हसले.

तामाकी त्यांना काका म्हणायची. वडिलांमागे त्यांनीच तिला आणि तिच्या भावाला, तोमोहिरोला, वाढवलं होतं. लाकडाच्या वखारीला आग लागली तेव्हा तोमोहिरो पाइप घेऊन आत होता, आणि काका या बंबाच्या पंपावर. पाणी तुटलं आणि तोमोहिरो बाहेर आलाच नाही.

नदी आटली, पंपाने हवा ओढली, असं काकांनी सांगितलं होतं. आई तेव्हापासून म्हणत होती, चौकशी माग. तामाकी दर वेळी म्हणायची, "काकांना काय वाटेल?"

पाइप घेऊन ती चढावर, जळक्या वखारीपाशी गेली. तिथून पंप दिसत नाही. वायरलेसवर म्हणाली, "पाणी सोडा."

पाइप फुगला. पाणी उसळलं.

आणि मग... पाइप तिच्या हातात मऊ पडला.

मागून शिट्टी वाजली. एक, लांब.

'पाणी सोडा'ची जुनी खूण. दलात आता शिट्ट्या कोणी वापरत नव्हतं. तोमोहिरोची तर त्याच्याबरोबर चितेत गेली होती.

ती धावत खाली आली. डावा व्हॉल्व्ह बंद होता. उजवा उघडा. पाणी रस्त्यावरून वाहत थेट कुरामोचींच्या फाटकाकडे चाललं होतं.

"मी हात लावला नाही, पोरी," गेन्साकू पुटपुटले. "तो आपोआप..."

तिने डावा उघडला, उजवा बंद केला आणि तिथेच उभी राहिली.

पुन्हा शिट्टी.

तिच्या डोळ्यांदेखत डावं चाक फिरू लागलं... सावकाश... बंद होईपर्यंत.

"सोडतो रे, सोडतो!" कुरामोची एकदम ओरडले. हातातलं फडकं खाली पडलं. "जरा दम धर, तोमो! माझं छप्पर पेटलंय!"

मागे नदी वाहत होती. भरलेली.

"काका... नदी आटली होती ना?"

"थोडाच वेळ बंद केला होता गं. वाटलं, तो बाहेर आला असेल."

तिने गेन्साकूंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

उजव्या चाकावरचा रंग टिकला नव्हता. तो कधी उघडलाच नाही असं दिसावं म्हणून नंतर लावला होता.

चढावर शिट्टी अजून वाजत होती. आता लहान, तुटक... धाप लागल्यासारखी.

तामाकीने हेल्मेट काढून काकांच्या पायांशी ठेवलं.

"ही गाडी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. "मी चौकशी मागणार आहे."