ताईने घडवलेलं तोंड

खोटं वाटेल, पण ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्या बाबतीत घडली ती माझी मावसबहीण. आम्ही तिला छोटी म्हणतो. रविवारची टळटळीत दुपार. घरामागची पत्र्याची शेड.

शेडमध्ये छोटीचा नवरा विमान बांधत होता. दोन माणसांचं, स्वतःच्या हातांनी. सुरुवात त्याने आणि त्याच्या थोरल्या बहिणीने केली होती. छोटी लग्न होऊन आली, तोवर ती ताई वारली होती.

पण घरातून गेली नव्हती.

विमानाच्या नाकाखाली फायबरचं एक तोंड होतं. विमान पळायला लागलं की समोरची हवा त्यातून दाबाने आत घुसते, इंजिनाला जास्त दम मिळतो. ते ताईने घासून घासून घडवलेलं. नवरा येता-जाता त्यावरून हात फिरवायचा.

छोटीचा जीव जळायचा.

"विमान माझी सवत असतं तर चाललं असतं," ती एकदा फणकारली. "ही तर नणंद निघाली!"

"अगं, वेडी का तू?"

"हो, वेडी! ते काढ. नाहीतर बस तिच्याशीच बोलत."

त्या रविवारी त्याने मुकाट्याने ते काढलं. विकतचं, पत्र्याचं नवं तोंड तात्पुरतं अडकवलं.

"घे. आता तरी हस," म्हणाला आणि स्क्रू आणायला गेला.

छोटी खरंच हसली. बाबागाडीत तिचं पिल्लू झोपलं होतं.

बाजूच्या फळीवर हवेचा दाब मोजायची नळी होती. इंग्रजी यू सारखी वाकवलेली, आत लाल पाणी. तिचं एक टोक इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात. विमान उभं असलं की दोन्हीकडचं पाणी सारखं राहतं.

एका बाजूचं पाणी चढलं...

उतरलं.

परत चढलं...

वारा असेल. तिने दार लावलं, खिडकी लावली. पंखा तर बंदच होता.

पाणी सावकाश चढत होतं, उतरत होतं. कुणीतरी श्वास घेतल्यासारखं.

मग ते वरच थांबलं...

छोटीने पिल्लाकडे पाहिलं. छाती हलत नव्हती. ओठ निळे.

तिने त्याला उचललं, पाठ थोपटली, हाका मारल्या. काही नाही.

"ताई, नका ना! तुमचं तुम्हाला घ्या!"

एका हातात बाळ. दुसऱ्या हाताने तिने नवं तोंड ओरबाडून काढलं. पाणी हललं नाही. तिने जुनं जागेवर दाबलं...

पाणी झरकन खाली आलं.

आणि पिल्लाने टाहो फोडला.

"तूच बसवलंस परत?" नवऱ्याचे डोळे भरून आले. छोटी नुसतं "हो" म्हणाली. डॉक्टर म्हणाले, दूध अडकलं असेल.

मीही तेच धरून चालले होते. पण परवा माझ्या मुलीला घेऊन तिच्याकडे गेले, तेव्हा पिल्लू तिच्या मांडीवर रडरड रडलं. अंगाई झाली, झोके झाले. शेवटी ती उठली. शेडमध्ये, त्या तोंडाखाली चादर घालून तिने त्याला ठेवलं.

क्षणात गप्प. वर बघून हसलं... आणि झोपलं.

"रोजचंच आहे," छोटी उंबऱ्यावर बसत म्हणाली. "त्या दिवसापासून माझ्या कुशीत एकदाही झोपला नाही गं. मी भांडले नवऱ्यासाठी. ताईंनी उचललं दुसरंच."

मी माझ्या मुलीला कडेवर घट्ट धरलं.

ती मान वळवून शेडमध्येच बघत होती...