मिठाची गुळणी

डॉक्टर रंजिताच्या तोंडात तिळाचं तेल होतं, म्हणून ती बोलली नाही. एवढीच गोष्ट! पण त्या तरुणाला ते काय माहीत?

सकाळी नदीकाठच्या राजघाटावर फिरताना हिरड्यांसाठी तोंडात तेल धरायचं, ही तिची सवय. तेवढ्यात एक मोटरसायकल शेजारी थांबली. "मॅडम, बुधवारा पेठेत दातांच्या डॉक्टरबाई कुठं बसतात? मशीन पण लावतात, काढा पण देतात म्हणे..."

रंजिताने फुगलेल्या गालांनी, नुसत्या हातानं रस्ता दाखवला. तसा तो एकदम मऊ झाला. त्याने हिरडीला बोट लावून 'रक्त येतं' असं खुणेनं सांगितलं, छातीवर हात ठेवून आभार मानले. मुकी समजला होता तिला! हसू दाबताना तेल नाकातून यायचंच बाकी राहिलं. पण अनोळखी मुक्या मुलीशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस... तिला तो आवडलाच.

तासाभरानं तो तिच्या दवाखान्याच्या दारात खिळून उभा होता.

"अरे! तुम्ही बोलता?"

"तेल थुंकल्यावर बोलते. बसा."

विपुल त्याचं नाव. नदीपलीकडे जैनाबादला घरच्या केळीच्या बागा. रंजिताने तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "दातांवर कीटण आहे. ते मशीननंच निघणार, काढ्यानं नाही. पण पुढचं तुमच्या हातात. गुटखा बंद, झोप वेळेवर, ताटात कच्च्या भाज्या, त्रिफळ्याचा काढा आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या."

"म्हणजे नुसतं झाड नाही, माती पण बघायची," विपुल म्हणाला. "हे तर आम्हाला समजतं ना!"

हिरड्यांबद्दल इतकं नेमकं तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. आणि पठ्ठ्यानं खरंच सगळं केलं. गुटखा सुटला, चेहरा उजळला, हिरड्या कोवळ्या गुलाबी झाल्या. दर आठवड्याला तो तपासायला यायचा, केळीच्या गमती सांगून तिला हसवायचा. मनातलं मात्र... छे! तिथे साहेबांची बोलती बंद. रंजिता वाट बघून थकली होती.

शेवटी त्या गुरुवारी ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "रविवारी जळगावचे लोक मला बघायला येतायत. आईला आज हो की नाही ते सांगायचंय."

विपुलनं तिच्याकडे पाहिलं... आणि घाईघाईनं बेसिनपाशी जाऊन मिठाचं पाणी तोंडात भरलं.

ती थांबली. तो पाणी खुळखुळवत राहिला. थुंकेचना! थुंकलं की बोलावं लागणार होतं.

"विपुल," ती म्हणाली, "मिठाची गुळणी धरून बसायची ही वेळ आहे का हो?"

तो इतका दचकला, की सगळं पाणी गिळूनच बसला.

"अरे वेड्या! प्यायलास?"

"प... प्यायलो," तो खोकत म्हणाला. डोळ्यांत पाणी, कान लाल. "रंजिता, सही सांगू? हिरड्या तर कबसे बऱ्या झाल्या माझ्या. मी तुलाच बघायला येतो. जळगाववाल्यांना हो नको ना सांगू..."

"बऱ्या झाल्यात, ते मला माहीत नव्हतं?"

"मग दर आठवड्याला तारीख का देत होतीस?"

आता गप्प बसायची पाळी डॉक्टरीणबाईंची होती. तिचे गाल तापले. किती आवडतो हा आपल्याला, हे तिला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. तिने फोन उचलला आणि त्याच्या डोळ्यांत बघतच बोलू लागली.

"आई, जळगावला नाही कळव... हो, आहे एक. जैनाबादचा. आईवडिलांना घेऊन रविवारी तोच येईल..." तिने भुवई उंचावली, विपुलनं जोरजोरात मान हलवली. "स्वभाव? गोड आहे गं. बोलायला जरा वेळ लावतो... काय? दात?" रंजिता खळखळून हसली. "एकदम मस्त, आई. मी स्वतः बघितलेत!"